साडेचारशे हात

मंडळात तिला सगळ्या 'हातमोजा' म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण तिथली रीतच तशी होती. स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांचं ते मंडळ. बैठकीला येताना छातीवर बिल्ला लावायचा आणि बिल्ल्यावर नाव नाही, धंदा लिहायचा. अध्यक्षबाईंचं म्हणणं असं, की नावाने आपण कुणाची तरी मुलगी असतो, नाहीतर बायको असतो. धंद्याने आपण आपण असतो. त्यामुळे बैठकीची पहिली दहा मिनिटं बाहेरच्या माणसाने ऐकली असती, तर त्याचं डोकं फिरलं असतं.

"मेणबत्ती आली का?"

"मेणबत्तीला ताप भरलाय."

"आणि खोकं कुठंय?"

"खोकं खाली हमालाशी भांडतंय."

"म्हणजे वेळेवर आली ती फक्त हातमोजा. बघा, शिका काहीतरी!"

ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली असे. बारीक अंगाची, रुंद कपाळाची, हात सतत मांडीवर झाकून ठेवणारी. कातड्याच्या कामाने तिची बोटं काळवंडली होती, आणि कितीही घासली तरी नखांच्या कडा काही उजळत नसत.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते. चाळीस वर्षं मी नाटकात काम केलं. आधी नायिकेची मैत्रीण, मधली थोडी वर्षं नायिका, मग नायिकेची आई, आणि शेवटी शेवटी दुसऱ्या अंकात मरणारी आजी. ती आजी मी इतक्या वेळा मेले, की खऱ्या मरणाची भीतीच गेली. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी घरी बसले. अध्यक्षबाईंचा छापखाना आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या नाटकांच्या जाहिराती तिथेच छापल्या जात. एक दिवस त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आमच्या बायकांना उभं राहून बोलायला शिकवा. माल एक नंबर असतो हो त्यांचा. पण तोंड उघडलं की मालच हलका वाटायला लागतो."

मला काय, रिकाम्या घरात भिंतींना संवाद ऐकवून मी कंटाळले होते. गेले.

जागा म्हणजे एका दवाखान्याच्या वरची लांबट खोली. घडीच्या खुर्च्या, गळका माठ, काचेची दारं असलेलं एक कपाट. त्या कपाटात प्रत्येकीच्या मालाचा एकेक नमुना मांडलेला. मेणबत्ती, पुठ्ठ्याचं खोकं, कापडी पिशवी, आणि एक उजव्या हाताचा मोजा. दर गुरुवारी दुपारी मी त्यांना शिकवत असे. पाय कुठे ठेवायचे, श्वास कुठे घ्यायचा, नजर कुठे. "पहिल्या रांगेकडे बघायचंच नाही," मी बजावायची. "पहिल्या रांगेत ओळखीचे चेहरे असतात, ते आपल्याला खाली ओढतात. शेवटच्या रांगेकडे बघून बोला. तिथे ऐकू गेलं की सगळीकडे गेलं."

वर्ग संपला की त्या हट्ट करत, "मावशी, आजी मरून दाखवा!" मग मी घडीच्या खुर्चीवर कोसळून, एक डोळा उघडा ठेवून मरत असे, आणि त्या हसून लोळत.

एकदा मी त्यांना माझी फजितीही सांगितली होती. एका वर्षी आम्ही दोन नाटकं आलटून पालटून करत होतो. दोन्हींत माझं पहिलं वाक्य एकच, "तुम्ही जेवलात का?" एका नाटकात नवरा तुरुंगातून पळून आलेला, दुसऱ्यात नवरा साधासुधा मास्तर. एके दिवशी मास्तरांना मी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" आणि जीभ जी घसरली ती थेट दुसऱ्या नाटकात. "मग ते पिस्तूल कुठे पुरलंत?" मास्तर बिचारा हातातल्या वह्या सांभाळत बघतच राहिला. आतून वाक्यं पुरवणारा सूचक ओरडतोय, मला ऐकू येत नाही, मी आपली पिस्तूल शोधतेय!

बायका पोट धरून हसल्या. हातमोजाही हसली, तोंडावर हात ठेवून.

पहिल्या वर्गात ती उभी राहिली तेव्हा दोनच वाक्यं बोलली होती. "माझा हातमोज्यांचा धंदा आहे. बरा चाललाय." आणि बसली.

"अगं, एवढंच? सुरू कसा केलास ते तरी सांग."

"तसं काही खास नाही मावशी."

खास नाही म्हणणारी माणसंच सोन्याच्या खाणीवर बसलेली असतात, हे मला नाटकाने शिकवलं होतं. मी थोडं खोदलं. तिचा नवरा ओतकामाच्या कारखान्यात होता. भट्टीवर काम करताना त्याचा मोजा फाटका निघाला आणि उजवा तळवा भाजला. दोन बोटं कायमची वाकडी झाली. तो घरी पडून असताना हिने एका जुन्या ताडपत्रीचा आणि मोडक्या खुर्चीच्या कातडी गादीचा मोजा शिवला. का शिवला, तिलाही सांगता येईना. भेटायला आलेल्या एका कामगाराने तो सहज हातात चढवला आणि काढेचना. "वहिनी, हा मी नेतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी चौघं आले.

ही गोष्ट आणि ती म्हणते काही खास नाही! मी महिनाभर तिला घडवलं. सुरुवात ठरवली: 'माझ्या नवऱ्याचा हात भाजला, त्या दिवशी मी पहिल्यांदा सुई हातात घेतली.'

"पण मावशी, सुई तर मी लग्नाआधीपासून चालवते."

"नाटकात सुई पहिल्यांदाच घ्यायची असते."

आणि शेवट: 'आज माझे हातमोजे साडेचारशे हात घालतात.' असं म्हणून तिने आपले काळवंडलेले दोन्ही हात पुढे उघडायचे. लपवायचे नाहीत, उघडायचे. हा आकडा तेव्हा अक्षरशः खरा होता. कारखान्यात सव्वादोनशे कामगार होते, आणि प्रत्येकाच्या हातात हिचा जोड.

पहिल्यांदा ती ते भाषण मंडळात बोलली तेव्हा टाळ्या थांबेनात. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. तिथून तिचं सुरूच झालं. पाहुणे आले की हातमोजा. दुसऱ्या गावच्या मंडळात जायचं तर हातमोजा. नव्या सभासद आल्या की आधी हातमोजाची गोष्ट. मी शेवटच्या रांगेत उभी राहून तिच्याबरोबर ओठ हलवत असे. माझी शिष्या! इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कामाचाही कधी वाटला नसेल.

नवरा मात्र वैतागला होता. मी घरी गेले की म्हणायचा, "या मावशी. काय, आज परत माझा हात भाजणार का?"

"भाजणार जावईबापू. पाहुणे आलेत."

"दोनच बोटं वाकडी झाली होती हो माझी. तुमच्या टाळ्यांनी बाकीचीही जातील."

पण हे तो हसून म्हणे, आणि म्हणताना हातातलं काम थांबवत नसे. मोजा उलटा शिवतात. शिवण झाली की एकेक बोट लाकडी दांडीवर चढवून सुलट करावं लागतं. ते काम तो करायचा, त्या वाकड्या हाताने, आणि कुणापेक्षाही भराभर. मोठी जाऊ अंगठे शिवायची. अंगठा सगळ्यात अवघड. तो चुकला तर आख्खा मोजा हाताला टोचतो. आणि हातमोजा स्वतः यंत्रावर.

त्या यंत्रातच सगळं होतं. लोखंडी साच्याने एका दणक्यात दहा तळवे कापणारं जड धूड. त्याला जाड विजेची जोडणी लागते, आणि पायाला चार बोल्ट मारून ते जमिनीत रोवावं लागतं. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते कधीच गेलं नसतं. गेलं असतं तर खालच्यांच्या डोक्यावर आलं असतं. ते होतं मंडळाच्या गाळ्यात. दवाखान्याच्या मागच्या बाजूला मंडळाचे पाच गाळे आहेत. गाळा मिळतो तीन वर्षांसाठी, मग पुढचीला द्यायचा. अडचण असेल तर एक वर्ष वाढवून मिळतं; पण त्यासाठी वार्षिक सभेत उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, अडचण सांगावी लागते. लेखी अर्ज चालत नाही. अर्ज नवरे लिहितात, भाऊ लिहितात, आणि बाई नुसती सही करते, असा जुना अनुभव. मग चिठ्ठ्या टाकून मत. नियम बनवणाऱ्यांचं मन स्वच्छ होतं, हे मी आजही म्हणेन.

तिच्या तिसऱ्या वर्षात एका सकाळी अकराच्या सुमाराला मी दवाखान्यात गुडघे दाखवायला गेले होते. बाहेर आले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने कळलं, आवाज नव्हता. एरवी त्या वेळी मागून धप्, धप् असा दणका चालू असायचा. डॉक्टरांच्या टेबलावरचा पेला त्याने थरथरायचा. मी मागे गेले. गाळ्याचं दार अर्धं उघडं. जाऊ नव्हती. नवरा कोपऱ्यात बसून एकाच मोज्याची बोटं परत परत सुलट करत होता. हातमोजा यंत्र पुसत होती.

"काय गं, सुट्टी?"

"साफसफाई चाललीय मावशी."

तिच्या मागे पोत्यांची थप्पी होती आणि पोत्यांवर धूळ. मी त्या धुळीवर बोट ओढलं. नाटकातली माणसं धूळ ओळखतात. बंद पडलेल्या नाटकाच्या पडद्यावर अशीच बसते.

"सांग," मी म्हणाले.

तिने सांगितलं. बाहेरून आच सोसणाऱ्या रबराचे तयार मोजे यायला लागले होते. हलके, पकड चांगली, फाटले की फेकून द्यायचे. कारखान्याने वर्षापूर्वीच अर्ध्या कामगारांना ते दिले होते, आणि गेल्या महिन्यात सगळ्यांना. जाऊ आता एका पिशवीवालीकडे शिवायला जात होती.

"वर्षापूर्वी?" मी म्हणाले. "अगं, मागच्या महिन्यात तू पाहुण्यांसमोर..."

"साडेचारशे म्हणाले. माहितेय." ती फडकं घडी करत राहिली. "तिथे पोचले की दुसरं काही तोंडातून निघतच नाही मावशी. आणि काय सांगू? शेवट काय सांगू?"

नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "माझा हात भाजला तो भाजला, निदान खरा तरी भाजला होता."

ती त्याच्यावर रागावली नाही. तिने गाळ्यातल्या कपाटातून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. मोजाच, पण कोपरापर्यंत लांब, दुहेरी कातड्याचा, आत जाड कापडाचं अस्तर. गावाबाहेर काचेच्या भांड्यांची भट्टी होती. तिथल्या माणसांना असा मोजा हवा होता. तिथली आच इतकी, की ते रबरही वितळतं. मोठे कारखाने इतक्या थोड्या जोडांसाठी साचा बनवत नाहीत. हिने नमुना करून दिला होता, तिथल्या मिस्त्रीने तो आठ दिवस वापरून पाहिला होता, आणि चांगला आहे म्हणाला होता. नवा साचा तयार होऊन, माल उभा राहून, त्यांचं काम नियमित सुरू व्हायला सात-आठ महिने लागणार होते. गाळ्याची मुदत संपायला उरला होता दीड महिना.

"मला एक वर्ष पाहिजे मावशी. फक्त एक वर्ष. मग मी आपणहून किल्ली देते."

"अध्यक्षबाईंना आत्ताच जाऊन सांगू या."

"नाही. सभेत सांगेन. माझ्या तोंडाने. नियमच आहे तो. आणि आधी खासगीत सांगितलं तर म्हणतील, हिला लाडकी म्हणून दिला. मला तसं नको." मग म्हणाली, "तुम्ही भाषण बसवून द्याल ना?"

ती चार दुपारी माझ्या घरी आली. पहिल्या दुपारी स्टुलाच्या कडेवर बसून, जमिनीकडे बघत बोलली. "ते रबराचे आलेत ना... आमचे आता कुणी घेत नाही. मी सांगितलं नाही तुम्हाला, लाज वाटली. एक वर्ष गाळा राहू दे. यंत्र घरी नेता येत नाही."

संपलं. एवढंच. ते तसंच्या तसं सभेत बोलली असती तर दगडाला पाझर फुटला असता. हे आज मला कळतं. त्या दिवशी मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "ऐकू येत नाहीये. ताठ उभी राहा. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

मी ते भाषण बसवलं. आणि बसवताना सुरुवात तीच ठेवली. 'माझ्या नवऱ्याचा हात भाजला, त्या दिवशी मी पहिल्यांदा सुई हातात घेतली.' "लोकांना ओळखीचं वाक्य ऐकलं की बरं वाटतं," मी तिला समजावलं. "पहिल्या वाक्याला आपली माणसं, दुसऱ्याला धक्का." घरी चारही दुपारी तिने ते बिनचूक म्हटलं. पिस्तूल पुरणाऱ्या नवऱ्याची आठवण मला एकदाही झाली नाही.

सभा दुपारी होती. खोली छोटी म्हणून शाळेचं सभागृह घेतलेलं. दीडशे खुर्च्या, त्यातल्या तीस दुसऱ्या गावाहून आलेल्या मंडळाच्या पाहुण्यांच्या. प्रत्येक खुर्चीवर वार्षिक पुस्तिका, अध्यक्षबाईंनी स्वतःच्या छापखान्यात छापलेली. पहिल्याच पानावर हातमोजाचा फोटो, हात उघडलेले, आणि खाली मोठ्या अक्षरात: साडेचारशे हात. मी पुस्तिका पालथी घातली.

गाळ्यासाठी आधी साबणवाली बोलली. ती आमच्यात नवी होती, माझ्या वर्गाला एकदाही आलेली नव्हती. खांद्यावर झोपलेलं मूल. ती न्हाणीघरात साबण करायची, आणि सासू तिच्या बादल्या दोनदा रस्त्यावर फेकून आली होती. ती बोलली कसली, नुसती रडली. मध्येच मूल उठलं, त्याला थोपटलं, परत रडली. वाक्य एक धड नाही. सगळं सभागृह तिच्याबरोबर नाक ओढत होतं.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि आता आपली हातमोजा!" नुसत्या नावाला टाळ्या.

मी पहिल्या रांगेत बसले होते, हातात भाषणाचा कागद, सूचकासारखी. ती चढली. पाय बरोबर ठेवले. श्वास घेतला. शेवटच्या रांगेकडे बघितलं.

"माझ्या नवऱ्याचा हात भाजला, त्या दिवशी मी पहिल्यांदा सुई हातात घेतली."

त्यानंतर तिने एक क्षण थांबायचं होतं आणि म्हणायचं होतं, 'आज तीच सुई बंद पडली आहे.' ती थांबली. आणि म्हणाली, "घरात एक फाटकी ताडपत्री होती."

ताडपत्री जुन्या भाषणातली. मी पुढे वाकून कुजबुजले, "सुई बंद पडली... सुई!" ती माझ्याकडे बघेना. बघणार कशी? पहिल्या रांगेकडे बघायचं नाही, हे तिला शिकवलं होतं कुणी? तिचा आवाज घंटेसारखा चालला होता. मोडकी खुर्ची आली, कामगार आला, 'वहिनी, हा मी नेतो' आलं, पाहुण्या बायका हसल्या, तिथेच हसतात नेहमी. मी कागद हलवला. शेजारणीने माझा हात दाबला, "मावशी, बघू द्या ना."

"आज माझे हातमोजे साडेचारशे हात घालतात." आणि तिने हात उघडले.

टाळ्यांचा पाऊस म्हणतात तो मी आयुष्यात बऱ्याचदा ऐकलाय. त्या दिवशी मला तो दगडांचा वाटला. कारण मी तिचा चेहरा बघत होते. आपण भलत्याच नाटकात आलो आहोत हे नटाला ज्या क्षणी कळतं, तो क्षण मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला. उघडलेले हात तसेच राहिले. ओठ हलले. "आणि... गाळा..."

अध्यक्षबाई तोवर उठून तिच्याजवळ पोचल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरून वर केला. "ऐकलंत? आणि गाळा आता पुढच्या बहिणीला! असंच ना गं?"

पुन्हा टाळ्या. तिची मान हलली. होकाराने हलली की नुसती हलली, देव जाणे.

मी उठले. "थांबा! तिला गाळा हवाय. तिचा धंदा बुडालाय. ती चुकीचं बोलली!"

चाळीस वर्षं घोटलेला आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आणि मागून मेणबत्ती ओरडली, "अगं बाई, मावशींची आजी परत मेली!"

सभागृह हसून फुटलं. मी हात जोडले, त्या आणखी हसल्या. मी रडले, तर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाईंना मात्र शंका आली असावी, त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "खरंय का हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग पुस्तिका हातात धरलेल्या तीस पाहुण्यांकडे. मग साबणवालीकडे. ती मूल घट्ट धरून, श्वास रोखून, हिच्या तोंडाकडे बघत होती.

"मावशींना माझी जरा जास्तच काळजी असते," हातमोजा म्हणाली.

चिठ्ठ्या पडल्या. साबणवालीच्या विरुद्ध एकच निघाली. ती माझी, मला मंडळाने मानाची सभासद करून घेतलं होतं. म्हणजे हातमोजाने स्वतःचं मतसुद्धा स्वतःला दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढत छापखान्यात नेलं. तिने अध्यक्षबाईंसमोर सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, तुटक तुटक, अगदी त्या पहिल्या दुपारसारखं. अध्यक्षबाई ऐकताना खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. छपाईचा आवाज चालू होता.

"म्हणजे वर्षभर तू साडेचारशे म्हणत होतीस ते..."

"हो."

"आणि मी ते छापलं. तीनशे प्रती वाटल्या." त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला का नाही सांगितलंस गं? मी काय परकी होते?" मग कपाळ धरून म्हणाल्या, "मी परत सभा बोलावते. नियमात बसतं. पण साबणवालीने काल तुझ्या यंत्राशेजारीच कढया आणून लावल्यात. तिला बाहेर काढावं लागेल. तू म्हणशील तसं करते. बोल, काढू?"

मी मनात म्हणत होते, हो म्हण, एकदा हो म्हण. ती नखाच्या काळ्या कडेवर अंगठा घासत राहिली.

"राहू द्या," म्हणाली.

यंत्र न्यायला चार हमाल लागले. जुनं यंत्र, एका गाळ्यातून उखडलं की दुसरीकडे बसवायला जागा हवी, आणि जागा कुठेच मिळाली नाही. ते मोडीत गेलं. बोल्ट काही निघाले नाहीत. ते जमिनीतच कापले. आजही साबणवालीच्या गाळ्यात पाय ठेवला की ती चार लोखंडी टोकं दिसतात. मूल अडखळू नये म्हणून तिने त्यांवर पोतं टाकलंय. काचेच्या भट्टीचा मिस्त्री दोनदा येऊन परत गेला, मग येईनासा झाला. तो लांब मोजा हातमोजाने मला आणून दिला. "तुम्हीच ठेवा मावशी. आमच्या घरात इतकं लांब भाजणारं कुणी नाही."

मी वर्ग बंद केला. कुणी फारशी चौकशी केली नाही; गुडघे आहेतच सांगायला.

तिला आता एका मोठ्या धुलाई केंद्रात काम मिळालंय. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. मागच्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. वाफेने भरलेली लांब शेड, टेबलाच्या दोन बाजूंना दोघी दोघी, चादरीची टोकं धरून पुढे येतात, मागे जातात. तिथे कुणाच्या छातीवर बिल्ला नाही. मुकादम तिला 'ए, चार नंबर' म्हणतो. तिचे हात मात्र गोरे झालेत. नखांच्या कडासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो.

"जावईबापू कसे आहेत?"

"बसून असतात. हातात काम नाही ना. ती दांडी मात्र उशाशी ठेवलीय. परवा म्हणाले, चला, माझा हात भाजायचा एकदाचा थांबला." ती हसली, पण तोंडावर हात ठेवला नाही.

"माझ्यावर रागावलीस?"

"तुमच्यावर कशाला? पाठ तर मीच केलं."

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "एक विचारू मावशी? इथे दिवसभर हात चालतात आणि तोंडातल्या तोंडात तेच चालू असतं. नवऱ्याचा हात भाजला, ताडपत्री, मोडकी खुर्ची. मी नाही म्हणत, आपोआप. चादरीची घडी पडते तसं पुढचं वाक्य येतं. साडेचारशेपाशी आलं की परत पहिल्यापासून. समोरची मला विचारते, काय पुटपुटतेस गं? पाठ केलेलं विसरायचं कसं ते शिकवता का तुम्ही?"

चाळीस वर्षं मी रंगमंचावर काढली. किती तालमी, किती मास्तर, किती पुस्तकं. लक्षात कसं ठेवायचं ते सगळ्यांनी शिकवलं. मीही तेच शिकवलं.

"नाही गं," मी म्हणाले. "ते मला येत नाही."

मुकादमाने हाक मारली. ती उठली, आणि समोरच्या बाईने पुढे केलेली चादरीची दोन टोकं धरली.